पाण्यातला भाऊ

समाउनला पाणी आणायला पाठवलं ते उवानं, हे आधीच सांगून टाकते. उवा म्हणजे माझा बाप आणि समाउन माझा नवरा. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पण उवाच्या लेखी तो अजून पाहुणाच होता, आणि तोही न बोलावता आलेला.

त्याचा दोष एवढाच की तो डोंगरातला. पेलेंग बेटाच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. तिथं लवंगेची झाडं, कोनफळाचे वेल, आणि समुद्र दिसायचा तो झाडांच्या फटींतून, दूर खाली. आम्ही बाजो. आमची घरं पाण्यात रोवलेल्या खांबांवर, आणि आमची पोरं चालायच्या आधी पोहतात. अशा आमच्या गावात लवंगा घेऊन एक माणूस आला, माझ्याकडे बघून हसला, मीही हसले, आणि पुढचं व्हायचं ते झालं. उवानं नाही म्हटलं नाही. फक्त निकाह लागल्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बरं झालं. होडीत वजनाला एखादा दगड लागतोच."

समाउन सगळ्यांबरोबर हसला. त्याचं हे हसणं मला कधी कधी डोक्यात जायचं. अरे, एकदा तरी उलटून बोल की! पण नाही, तो आपला डोकं खाली घालून दोर वळत बसायचा. उवा त्यानं वळलेला दोर उचलायचा, नाकाशी धरून वास घ्यायचा, आणि सगळा सोडून पुन्हा वळायचा.

त्या वर्षी आम्ही तिघं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला निघालो होतो. चार दिवसांची वाट. होडीला इंजिन नव्हतं, तेव्हा आमच्यात कुणाच्याच होडीला नसायचं. एक शीड, मध्ये झावळ्यांचं छप्पर, छपराखाली मातीची चूल, आणि मागे दोरानं बांधलेलं एका माणसापुरतं होडकं. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायला लागली तेव्हा एका लांबलचक खडकाच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला. लाकडाचा नांगर, त्याच्या पोटाला बांधलेला दगड. उवानं नेहमीसारखी नांगराच्या दोराला एक सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. झोपेतसुद्धा नांगर हलला की त्याला कळायचं. मी भात टाकायला म्हणून गोड्या पाण्याचा डबा उचलला, तर तो हाताला हलका लागला. बूच सैल राहिलं होतं. सगळं पाणी सांडून होडीच्या तळाशी गेलं होतं. तांब्याभर उरलं असेल नसेल.

उवानं डब्यात डोकावून बघितलं आणि मग समाउनकडे बघितलं.

"डोंगरात झरे वाहतात ना, जावई. बूच लावायची सवय कशी असणार?"

"मी नाही उघडलं, उवा," समाउन म्हणाला.

"मग माशांनी उघडलं असेल. जा आता. समोरच्या बेटावर विहीर आहे. जमिनीवर चालायला तरी येत असेलच."

"उवा, संध्याकाळ होतेय," मी म्हटलं. "सकाळी जाऊ दे. उपाशी काही मरत नाही आपण."

"अर्ध्या तासाची वाट आहे, जुम्रिया. लहान पोर जाऊन येईल."

समाउननं माझ्याकडे बघितलं, हसला, डबा होडक्यात टाकला आणि निघाला. त्याचं वल्हं कसं पडायचं ते मला अजून दिसतं. जमीन खणल्यासारखं. खडक आणि ते बेट यांच्यामधून एक खाडी जाते, ती ओलांडायची होती. मी तो बेटाच्या काठाला लागेपर्यंत बघत उभी राहिले. वाळूवर होडकं ओढताना तो मला मुंगीएवढा दिसला.

तो परत निघाला असेल तेवढ्यात वारा फिरला.

पाऊस नाही, ढग नाही, नुसता वारा. सगळा मोसम आग्नेयेकडून येणारा वारा त्या संध्याकाळी एकाएकी थांबला, थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि मग तो उलट्या दिशेनं आला. आम्ही ज्या खडकाच्या आडोशाला उभे होतो तोच खडक आता आमच्या पाठीमागे आला. होडी दोरावर गर्रकन फिरली. चुलीवरचं भांडं घरंगळलं. आणि भरती उतरायला लागली होती, म्हणजे मधली खाडी बाहेरच्या मोठ्या समुद्राकडे वाहायला लागली होती. उवानं कंदील लावला आणि डोलकाठीला उंच बांधला.

"दिसेल ना त्याला?" मी विचारलं.

"आंधळा नाही ना तो?"

"उवा."

"दिसेल," तो म्हणाला.

अंधार पडला. आमच्याकडे अंधार पडला की पाणी उजळतं. लाट फुटली की तिच्या कडेला हिरवट उजेड धावत जातो आणि विझतो. त्या रात्री चारही बाजूंना तसं उजळत होतं आणि विझत होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की ते वल्हं आहे. किती वेळा मी उठून उभी राहिले! किती वेळा "आला, आला" म्हणाले! उवानं मला एकदाही गप्प केलं नाही. त्यावरूनच मला कळलं की तोही तेच बघतोय.

मग त्याच्या अंगठ्याची सुतळी ओढली गेली.

त्यानं ती सोडली, पुढे जाऊन नांगराचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. मी पण हात लावला. नांगर नीट धरून असला की दोर ताणतो आणि सैल होतो, ताणतो आणि सैल होतो, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. तो सरकायला लागला की दोराला आतून कापरं भरतं. ते कापरं माझ्या कोपरापर्यंत आलं. मागे खडकावर लाटा फुटत होत्या, आणि आधी ऐकू येत नव्हत्या तेवढ्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

करायचं काय ते आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल. दोर कापायचा, शीड चढवायचं, खडकाच्या कडेकडेनं बाहेर मोकळ्या पाण्यात निसटायचं. होडी वाचते, माणसं वाचतात. उवानं आयुष्यात तीनदा असं केलं होतं. पण आम्ही हललो तर कंदील हलणार. काळ्याकुट्ट अंधारात समाउनला एवढी एकच खूण होती. ती हलली की तो खाडीबरोबर बाहेर जाणार, आणि तिथून पुढे दोन दिवस जमीन नाही.

उवाच्या कमरेला सुरी असायची. त्यानं ती काढली.

"उवा, नको!"

"घे," तो म्हणाला आणि मूठ माझ्याकडे केली. "तू ठेव. माझ्या हातात राहिली तर मी कापीन. हाताला सवय आहे."

"मग थांबायचं?"

"थांबायचं. होडीत जड काय आहे ते सांग."

जड काय होतं? चुलीखाली टेकायला ठेवलेले दगड होते. आणि माझा पाटा होता, बहिणीला द्यायला नेत होते तो, काळ्या दगडाचा, नवा कोरा. पण नवा तरी कसला, आदल्या दिवशी मला राहवलं नव्हतं, मी त्याच्यावर मिरची वाटली होती. चांगली लाल, डोळ्यांतून पाणी काढणारी. सगळं एका जाळ्यात बांधून नांगराच्या दोरावरून खाली सोडायचं, म्हणजे दोर तळाशी दबून राहतो आणि नांगराला ओढ कमी बसते. मी पाटा उचलून आणला. उवानं त्याच्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मिरची?"

"अरे, आता कुठं बघत बसतोस!"

"मिरची समुद्रात घालायची? आज? वेड लागलंय का तुला? आधीच तो काय खूश आहे आपल्यावर?"

हे आमच्यात कुणी मोडत नाही. मिरची, आलं, कोळसा, कॉफीचा गाळ, यातलं काही समुद्राला द्यायचं नाही, त्याला झोंबतं आणि तो उठतो. खाऱ्या पाण्यानं धुवायचं तर ते पाणीही समुद्रातच जाणार. म्हणून त्या तांब्याभर उरलेल्या गोड्या पाण्यानं, ज्याच्यासाठी माझा माणूस त्या अंधारात गेला होता त्याच पाण्यानं, मी पाटा धुतला, आणि ते तिखट पाणी होडीच्या तळाशी जमणाऱ्या पाण्यातही जाऊ नये म्हणून भाताच्या भांड्यात धरलं. होडी उभी-आडवी हलत होती, खडक मागे गरजत होता, आणि माझा बाप कंदिलाच्या उजेडात पाट्याला नाक लावून वास घेत होता. "अजून येतोय. घास." मी घासत होते आणि रडत होते, आणि मधेच मला हसू फुटलं. समाउन असता तर तोही हसला असता, हे मनात आलं आणि मग पुन्हा रडू आलं.

पाटा आणि दगड खाली गेले. दोराचं कापरं कमी झालं. गेलं नाही, कमी झालं.

मध्यरात्रीच्या आसपास एक मोठी लाट आली आणि तिचं पाणी डोलकाठीपर्यंत उडालं. तापलेली काच तडकली. कंदील विझला. उवानं काडीमागून काडी ओढली, पण उघड्या वातीवर वारा ज्योत टिकू देईना. मग मी कढई काढली आणि पळीनं बडवायला लागले. किती वेळ बडवली देव जाणे. शेवटी उवानं माझा हात धरला.

"पुरे. वारा आवाज उलटा आणतोय. आपल्यालाच ऐकू येतोय तो."

मी बसले. सुरी मांडीवर होती. मला वाटतं मला डुलकी लागली, कारण मी समाउनच्या गावात होते. लवंगेच्या झाडांमध्ये गुडघाभर पाणी होतं, स्वच्छ, आणि फांद्यांतून बारीक चंदेरी मासे जात होते. माझी सासू पाण्यात उभी राहून दोरीवर कपडे वाळत घालत होती. "तो कुठाय?" मी विचारलं. "इथंच आहे की, खाली," ती म्हणाली आणि झाडाच्या बुंध्याशी बोट दाखवलं. तिथं माती होती, ओली, नुकती खणलेली. मी वाकले आणि जागी झाले.

तो बुंधा मला ठाऊक होता. सासूनंच दाखवला होता. समाउन जन्मला तेव्हा त्याची वार तिथं पुरली होती. डोंगरातली माणसं तसंच करतात.

आम्ही तसं करत नाही. बाजो बाईचं मूल जन्मलं की त्याची वार समुद्रात सोडतात. ती वार म्हणजे त्या मुलाचा भाऊ, पाण्यात राहणारा. माणूस वर वाढतो, भाऊ खाली वाढतो. आम्ही कुठंही गेलो तरी तो खालून बरोबर असतो. बुडायला लागलो तर तोच वर ढकलतो. माझा आहे, उवाचा आहे, माझ्या बहिणीचा आहे. समाउनचा नाही. त्या सबंध समुद्रात माझ्या नवऱ्याचं असं कुणीही नव्हतं. आतापर्यंत मी हे कधी मोजलं नव्हतं, आणि त्या अंधारात ते मला लागलं.

आणि आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. खडक अगदी जवळ आला होता. लाट मागे सरकली की त्याचे दात दिसत होते, हिरवट उजेडात. दोराला पुन्हा कापरं भरलं होतं. मी सुरी उचलली आणि दोरावर टेकवली. समाउन गेला, असं मी मनात म्हटलं. गेलाच असेल. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला जगायचं होतं. एक पेड तुटला तेवढ्यात मला मागून उवाचं बोलणं ऐकू आलं.

तो माझ्याशी बोलत नव्हता. होडीच्या मागच्या कडेवर, जिथं होडकं बांधलेलं असायचं तिथं, पाय पाण्यात सोडून बसला होता. लाट आली की कमरेपर्यंत भिजत होता. मांडीवर त्याची पानाची चंची उघडी होती. त्यानं एक विडा पाण्यात सोडला, मग मूठभर तांदूळ.

"दादा," तो म्हणाला. माझा सत्तर वर्षांचा बाप लहान मुलासारखा 'दादा' म्हणाला. "बूच मीच उघडं ठेवलं होतं. दुपारी पाणी प्यायलो आणि विसरलो. आठवलं होतं मला. तो समोर उभा होता तेव्हाच आठवलं होतं. पण बोललो नाही."

मग त्यानं आणखी मूठभर तांदूळ सोडले.

"त्याचं इथं कुणी नाही, दादा. त्याचा भाऊ डोंगरात पुरलाय, त्याला काय पोहता येणार? तू जा. त्याच्याकडे जा. त्याचाच हो. मला नको आता, माझं झालं पोहून. परत येऊ नकोस."

त्यानं ओंजळीनं पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं आणि खाली सोडलं. मग दोन्ही पाय एकेक करून वर घेतले आणि मांडी घालून बसला.

माझ्या हातातली सुरी कुठं पडली ते मला कळलंसुद्धा नाही. हे असं कुणी करत नाही. वडिलांचं घर देतात, होडी देतात, मुली देतात. पाण्यातला भाऊ कुणी कुणाला दिल्याचं मी ऐकलं नव्हतं, कधीही नाही. दिलेला तो परत मागता येत नाही, आणि ज्याचा भाऊ गेला त्यानं पाण्यात पाय घालायचा नसतो. मी जिथं होते तिथंच बसून राहिले. त्याला वाटावं की मी झोपलेय, म्हणून डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी माझ्या बापाची इतकी माया आली की ती कुठं ठेवावी ते कळेना.

दोर एकदा जोरात हिसकला, आणि मग ताणला. सैल झाला. ताणला. नांगराला काहीतरी सापडलं होतं. खडक तिथंच राहिला, चार वाव मागे, पसरलेल्या हातांनी चारदा मोजावं एवढा. रात्रभर तो तिथंच गरजत राहिला, आणि आम्ही तिथंच ताणत आणि सैल होत राहिलो, आणि मला आठवतं की आकाशात चांदण्या फार होत्या.

पूर्वेला राखाडी रेघ उमटली तेव्हा वारा बसला. पाणी तेलासारखं जड झालं. आणि त्या पाण्यावरून अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "जुम्रिया, कंदील का विझवलास गं?"

होडकं अर्धं पाण्यानं भरलेलं होतं. समाउन त्यात छातीशी गुडघे धरून बसला होता. ओठ पांढरे पडले होते. मी त्याला वर ओढलं, की मारलं, की दोन्ही केलं, ते आठवत नाही. अंगावर घालायला माझं लुगडं दिलं.

"उजेड गेला मग मी वल्हंच आत घेतलं," तो सांगत होता, दात वाजत होते. "कुठं मारणार? म्हटलं, जाऊ दे नेईल तिकडे. बाहेर गेलो होतो, खूप बाहेर. मग होडकं आपोआपच वळायला लागलं. एकाच बाजूला. मी काही केलं नाही. खरंच, मी काही केलं नाही."

भरती परत चढली असेल. चढतेच ती. मी उवाकडे बघितलं. तो शीड नीट करण्यात गुंतला होता.

"पाणी कुठाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"डबा गेला, उवा. लाटेत."

"वा! पाणी आणायला गेला आणि डबा घालवून आला."

समाउन हसला. आणि मग उवाला बघवेना बहुतेक, त्यानं तोंड फिरवलं.

सूर्य वर आला तसा तळ दिसायला लागला. नांगर एका प्रवाळाच्या फटीत शिरून बसला होता, पाटा आणि चुलीचे दगड बाजूला जाळ्यात. सहा वाव पाणी असेल. अडकलेला नांगर सोडवायला खाली जायचं ते उवानंच. आजवर कुणी दुसऱ्यानं ते काम केलं नव्हतं. सत्तरीतही तो छातीवर हात फिरवून, एक श्वास भरून उतरायचा, आणि आम्ही वर शंभर मोजेपर्यंत यायचा नाही. समाउननं विचारलं तर त्याला तो म्हणायचा, "तू वर थांब. तू बुडालास तर दोन वजनं काढावी लागतील मला."

त्या सकाळी उवा छपराखाली, होडीच्या अगदी मधोमध बसला होता.

"जावई, तू उतर."

समाउन उठून उभाच राहिला. "मी?"

"मग कोण? मला बरं नाही. सर्दी झालीय."

"पण उवा, मला सहा वाव—"

"श्वास सोडायचा नाही, घाई करायची नाही. आणि घाबरायचं नाही. घाबरायचं काही कारण नाही आता."

समाउननं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपल्याला शेवटी माणसात घेतलं, असं वाटलेल्या माणसाचा चेहरा. त्यानं श्वास भरला आणि गेला. मी मोजत होते. साठ. सत्तर. उवा पण मोजत होता, ओठ हलत होते त्याचे. ऐंशीला दोर सैल झाला आणि समाउन वर आला, पाटा पोटाशी धरून, मोठ्यानं हसत.

पुढे तो गावातला सगळ्यात खोल जाणारा पाणबुड्या झाला. लोक म्हणायचे, डोंगरातल्या माणसाला हे कसं जमतं? तो सांगायचा, "माझ्या सासऱ्यानं एका सकाळी माझ्यावर भरवसा टाकला." मी ते ऐकून आत निघून जायची.

उवा त्यानंतर अकरा वर्षं जगला. घराच्या फळीवर बसून तांब्यानं अंघोळ करायचा. समाउन खालून, गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून, रोज हाक मारायचा, "उवा, या की खाली! पाणी कसलं कोमट आहे बघा!"

"सर्दी आहे रे," उवा वरून म्हणायचा, आणि पाय फळीवर जरा आणखी आत ओढून घ्यायचा.